नकारपत्रातला इम्पेडिमेंट

धामणगाव बढे,
४ जून २०२४

ती. विमलआत्यास समताचा सविनय जयभीम.

आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा तेवढा कुरकुरतो. फोनवर माझे शब्द अडकतात, म्हणून नेहमीसारखं पत्रच.

इथल्या खाजगी शाळेतली गणिताची जागा मला मिळाली नाही. नकारपत्र इंग्रजीत आहे, कारण दिलंय ‘स्पीच इम्पेडिमेंट’. मोबाईलवर अर्थ पाहिला : अडथळा. रस्त्यात पडलेलं झाड अडथळा, हे समजतं. पण माणसाबद्दल हा शब्द वापरतात का? तू तीस वर्षं इंग्रजी शिकवलंस, तूच सांग. आणि मुलाखतीत मी एकदाही अडले नव्हते, मग त्यांना कळलं कसं? बाबा म्हणतात, काऊन जीव जाळून राह्यली, दुसरी शाळा पाहू.

माया आहेच, उत्तरही लवकर धाड.

तुझी समता


बुलढाणा,
११ जून २०२४

चि. समतास अनेक आशीर्वाद.

आधी शब्दाचं. तो मूळ लॅटिन. पाय अडकवून चाल रोखणं. बोलताना अडखळण्यालाही इंग्रजीत सर्रास तोच वापरतात. शिवी नाही ती.

त्यांना कळलं माझ्यामुळे. तुझ्यासोबत जे शिफारसपत्र पाकिटात बंद करून दिलं, त्यात मीच लिहिलं होतं की किंचित ‘इम्पेडिमेंट’ असूनही मुलगी फार हुशार आहे. वाटलं, मागाहून कळण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. ‘असूनही’च्या पुढचं त्यांनी वाचलंच नाही. तुला न विचारता लिहिलं, ही माझी चूक. म्हणशील तर त्यांना दुसरं पत्र लिहिते.

रागाव, पण अबोला धरू नको.

तुझी आत्या


धामणगाव बढे,
६ जुलै २०२४

ती. आत्यास जयभीम.

जवळजवळ महिना लिहिलं नाही. राग होता, अजून आहे. तुझं पत्र बाबांना दाखवलं नाही. भावाबहिणीत वाकडं नको.

दुसरं पत्र पाठवू नको. बुधवारी मी स्वतः त्याच शाळेत गेले, एक तास शिकवू द्या म्हणाले. सातवीचा वर्ग मिळाला. ‘अपूर्णांक’ म्हणताना अशी अडले की पोरं हसली. शब्द फळ्यावर लिहिला, मग त्यांच्याकडे तोंड करून सावकाश म्हटला. शेवटी उदाहरण सोडवायला अर्धा वर्ग फळ्यापाशी होता. मुख्याध्यापक म्हणाले, शिकवता चांगलं, पण जागा भरली. घरी येऊन खूप रडले. आता मोताळ्याच्या एका शाळेत अर्ज टाकलाय. मी अडखळते, हे त्यात मीच लिहिलंय.

सुटीत ये. आई वाट पाहते, मीही. फक्त बोलताना मी अडले, की माझं वाक्य तू पुरं करू नको. थांबत जा.

समता