गोड निघालेला मोजो

पंडरी, रायपूर
रविवार, १२ डिसेंबर २००४, दुपारी सव्वातीन. हॉटेलच्या मागच्या ओट्यावर काळा राजमा निवडत होतो. परात बाजूला सारून लिहायला बसलो.

सौ. वनमालाताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. मी बरा आहे, फक्त बोटांचा लसणाचा वास धुऊन जात नाही. संत्र्यांची पेटी पोचली. एकही फळ नासलं नव्हतं.

रायपूर राजधानी झाल्यापासून इथल्या लोकांना परदेशाची भूक लागली आहे. मंत्र्यांचे मेहुणे आणि लोखंडाचे व्यापारी मेन्यू उलटा धरून मान डोलावतात. आमच्या शालिग्रामशेठनी यंदा क्यूबा आठवडा काढला. क्यूबा कुठे आहे हे त्यांना ठाऊक नाही. वेटरांना फुलाफुलांचे सदरे शिवले, स्वतः गवती टोपी घातली आणि म्हणाले, डुक्कर चालणार नाही. म्हणून क्यूबाची कोंबडी झाली.

त्यात ती जहाजवाली. श्रावणी नाव. इथल्याच जुन्या मराठी घरातली, पण मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देते. दोन वर्षं जहाजाच्या स्वयंपाकघरात होती. तिथे मिरेया नावाच्या हवानाच्या बाईने तिला शिकवलं, तेव्हापासून आम्ही सगळे अडाणी. कच्चं केळं तळते, स्टीलच्या ग्लासाच्या बुडाने चपटं करते आणि पुन्हा तळते. एकदा तळलेलं काय वाईट होतं? कॉफीचे पहिले थेंब साखरेत घालून हात दुखेपर्यंत फेटते आणि वर फेस आला की लॉटरी लागल्यासारखी हसते. एकतीस तारखेला म्हणे तिकडे दारातून बादलीभर पाणी बाहेर फेकतात, सरत्या वर्षाची पीडा जावी म्हणून. मी म्हटलं, "आमच्या मोहल्ल्यात नळ तासभर येते. पीडा राहू दे घरात."

मला ती "भैया" म्हणते. भाजीवाल्यालाही म्हणते.

शेठनी सांगितलं होतं, मुख्य आचारी एकच राहील, दुसरा शहराबाहेर, उरला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत, त्यांच्या रोलिंग मिलच्या कॅन्टीनमध्ये जाईल. शुक्रवारी आम्ही दोघांनी मोजो करून दाखवायचा. मोजो म्हणजे लसूण, जिरं, तेल आणि संत्र्याचा रस. तो कोंबडीवर ओततात.

"भैया, खट्टा वाला संतरा चाहिए. ये तो मीठा है," ती म्हणाली.

"तू मले संत्रं शिकवतं? माह्या बहिणीचा बगीचा हाय काटोलले!"

तुझी अर्धी पेटी मी त्यात पिळली. भाऊजी कलमं बांधण्यापुरती बांधावर जी जंभेरी राखतात, तसलं आंबट फळ तिला हवं होतं. पण तिच्यासमोर तुझ्या संत्र्यांना कमी म्हणणं मला जमलं नाही. गुलाबजामाच्या पाकात लसूण पडावा तशी चव झाली. मी उरल्याची तयारी मनातल्या मनात केली आणि कोथिंबीर आणायला गेलो.

शेठनी दोन्ही बशा चाखल्या आणि माझी पसंत केली. मी बोटाने चाटून पाहिलं, तर आंबट. तिने माझ्या पातेल्यात लिंबं पिळून ठेवली होती.

"दया केली काय माह्यावर?"

"दया? तुमपे? शकल देखी है?" ती केळी चपटी करतच होती. "तुम उरला चले जाते, तो मैं यहाँ झगड़ती किससे?"

ताई, या वेळी ती भैया म्हणाली नाही. मी नीट ऐकलं. कालही म्हणाली नाही, आजही नाही.

असलं जिंकणं मला नको होतं. शेठना सांगितलं, चव तिची आहे. ते "पागल हो क्या?" म्हणाले आणि टोपी सारखी केली. उद्यापासून मी उरल्याला. भोंगा झाला की वरण-भात वाढायचा. तिथे निदान जेवणारे भुकेले असतील.

हे कळल्यावर श्रावणीने झारा आपटला. "काहून सांगितलं? कोणी विचारलं होतं तुले?"

मराठीत, ताई! येतं तिला. शिव्यांसकट येतं. मूर्ख म्हणाली, अकडू म्हणाली, आणखी एक शब्द म्हणाली तो मी लिहीत नाही. मग ओढणीने नाक पुसून विचारलं, "तिकडे सुट्टी कधी राहते?"

"बुधवारी."

"मी पण बुधवारी घेईन."

तिच्यात घेण्यासारखं काही नाही. बोलणं तिखट, मीठ अंदाजाने टाकते, ओटा कधी पुसत नाही. तिचे वडील नरहरराव सदर बाजारात सराफाच्या पेढीवर मुनीम आहेत. दहावी नापास आचाऱ्याला ते आत बसवतील की दारातून परत पाठवतील, सांगता येत नाही. म्हणून तू आणि भाऊजी मागणी घालायला या. मी एकटा गेलो तर घाबरून शेठच्या टोपीबद्दल बोलत बसेन. तू सरळ विचार. माझ्या शिक्षणाबद्दल खोटं सांगू नकोस.

नकार आला तरी बुधवारी दाढी करून बसणारा, तुझा धाकटा,
निरंजन