एक जूनला जन्मलेल्यांची शाळा

प्रिय साळवीबाई,

सुमनचा नमस्कार. कोण सुमन म्हणाल, तर चौथी ब, खिडकीजवळची, जिला तुम्ही "तोंड बंद, पाटी चालू" म्हणायचात ती. पाटी तेव्हाच सुटली बाई, तोंड अजून चालू आहे! नात तन्वी म्हणाली, "आजी, तू सांग, मी मोबाइलवर लिहिते." म्हटलं, नको गं, बाईंनी वळवलेल्या हातानंच लिहिते. लागू दे वेळ.

आज लिहायचं कारण म्हणजे आपल्या शाळेची नववी उघडली! तन्वी सकाळीच नव्या वर्गात जाऊन बसली. मी शिरा केला, अर्धा एकटीनंच खाल्ला, आणि आता कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय.

वागळे इस्टेटच्या कंपन्या एकेक बंद झाल्या, चाळी पाडून टॉवर आले, पोरं इंग्लिश शाळांच्या पिवळ्या बसमध्ये चढली. आपली शाळा म्हणजे पत्र्याची शेड होती, आठवतं ना? कंपनीचा भोंगा वाजला की आपली मधली सुट्टी. एकदा संप झाला, भोंगा वाजलाच नाही, आणि तुम्ही आम्हाला एकोणतिसापर्यंत पाढे म्हणायला लावलेत, डबे तसेच! ते मी अजून माफ केलेलं नाही.

मग शेडची इमारत झाली, सातवीची दहावी झाली. कचेऱ्यांचे उंबरे तुम्ही झिजवलेत म्हणून झाली. कोकणातले, घाटावरचे, बुद्धविहाराच्या बाजूचे, आमच्या चाळीत कुणाच्याही घरातला पहिला दहावी पास विचारा, याच शाळेतला.

आणि यंदा कळलं, नववीला पोरं कमी, वर्ग बंद. तन्वीला हायवे ओलांडून पार माजिवड्याला जावं लागणार. माझा मुलगा म्हणाला, "आई, एवढ्या लांब कशाला? बाहेरून बसवू की दहावीला." बाहेरून म्हणजे घरात, आणि घरात म्हणजे भांडी. मला माहीत नाही होय!

तशीच उठून शाळेत गेले. नवे हेडसर, अगदी तरुण. मी जुनी विद्यार्थिनी म्हटल्यावर त्यांनी जुनं रजिस्टर उघडून माझं नाव शोधलं.

"आजी, तुमचा वाढदिवस एक जून?"

"हो."

"आणि ही शेवंता?"

"एक जून."

"हा अशोक?"

"तोही एक जून."

"अहो, सगळ्या चाळीला एकच मुहूर्त सापडला काय?"

मी पोट धरून हसले. मग सांगितलं त्यांना. नाव घालायला आलेल्या बाईला तारीख कुठली माहीत? माझी आई म्हणाली होती, "नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी झाली." तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि लिहिलंत, एक जून. शाळा उघडायच्या आत वय बसलं पाहिजे ना! आता आधार कार्डावर तुमचीच तारीख. आईची तारीख इतकी वर्षं माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. जरा विचारायचं तरी होतंत, बाई!

युक्ती तन्वीची. तिनं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, "एक जूनवाल्यांनो, वाढदिवसाला शाळेत या. केक नको, नववीला एक पोर आणा." आणि आले हो! रिक्षावाला आला, नर्स आली, कल्याणच्या मार्केटातला कांदेवाला आला. कुणाला टक्कल, कुणाचे गुडघे गेलेले.

"काय रे अशक्या, किती म्हातारा झालास!"

"गप गं, तू आणि मी एकाच दिवशीचे!"

कुणी भाडेकरूची मुलगी आणली, कुणी पुतण्या. शेवंतानं तर इंग्लिश शाळेत रोज रडणारा नातूच उचलून आणला. संध्याकाळपर्यंत हेडसरांच्या टेबलावर अर्जांचा ढीग. माझा मुलगा दाराशी उभा राहून सगळं बघत होता. मग पुढे आला आणि म्हणाला, "सर, तन्वीचं नाव इथंच राहू द्या." मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. खरंच नाही!

त्या दिवशी मधल्या खुर्चीत तुम्हाला बसवायचं होतं. आधी डोंबिवलीला फोन लावला. तुमच्या सूनबाई म्हणाल्या, "आई गेल्या हो, दिवाळीनंतर."

समोर बसून एक सांगायचं होतं तुम्हाला. चौथीनंतर धाकट्या भावाला सांभाळायला मला घरी बसवलं, तेव्हा तुम्ही बोलवायला आला होतात. आई म्हणाली, "सुमन गावाला गेली." बाई, मी पाण्याच्या पिंपामागे होते. तुमच्या चपला मला दिसत होत्या. किती वेळ उभ्या राहिलात! का नाही आले मी बाहेर? आईचा मार आठवला, की तुमच्याकडे बघायची लाज वाटली? इतकी वर्षं झाली, मला सांगता येत नाही. तुम्हाला कळलं होतं का हो?

पुढच्या मे महिन्यात हेडसर घरोघर पोरं शोधायला निघतील, तेव्हा मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. शब्द देते. आणि कुठल्या आईनं सांगितलंच की पोरगी गावाला गेलीय, तर मी तिथंच उंबऱ्यावर बसेन, पाणी मागेन, चहा मागेन. पोरगी बाहेर आल्याशिवाय उठणार नाही.

तुमची,
सुमन