आबांच्या रानातला रांजण

३ मार्च, मंगळवार
सहावीला धडा: शेती, मग गाव, मग नगर, मग राज्य. मागच्या बाकावरून एका मुलीचा प्रश्न, "बाई, पहिला राजा कुणी केला?" पुस्तकातलं उत्तर दिलं. तिला पटलं नाही. मलाही.
संध्याकाळी धाकट्या भावाचा, संजूचा फोन. "आक्का, शिरोळला ये. पाइपलाइनची चर मारताना खापराचा रांजण लागलाय. आबा काम थांबवून बसल्यात."

८ मार्च, रविवार
कमरेइतकी खोल चर. कडेला अर्धा फुटका रांजण, आत जळून काळं पडलेलं धान्य. किती जुनं, मला सांगता येईना. आबांनी दाणा तळहातावर घेतला. "नाचणी आसंल."
संजू म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. सरकारी माणूस आला की रान गेलं." घाबरलाय. उसाची लागण खोळंबलीय.
आबा बांधावर बसून सावकाश बोलत होते. "एवढं धान्य एका घरचं न्हवं, गावाचं आसंल. राखाय कुणाला तरी बसवला आसंल. त्यो पेरणार कवा? म्हणून त्येला गावानं खायाला घातलं. मग हळूहळू त्योच ठरवाय लागला, कुणाला किती द्यायचं."
आई गेल्यापासून वडील इतकं सलग माझ्याशी पहिल्यांदाच बोलले.

११ मार्च
पुरातत्त्व खात्याला अर्ज लिहिला. पर्समध्येच आहे. संजू फोनवर, "तुझं काय जातंय? तू कोल्हापुरात." खरं आहे. रानातल्या वाट्याचं हक्कसोडपत्र मीच लिहून दिलंय. पण...

१५ मार्च, रविवार
रांजणावर आईच्या लुगड्यांची शिवलेली वाकळ पांघरलेली.
"आबा, मातीत कशाला घातली?"
"उनानं तडकंल. कुण्या बाईनं भरल्याला हाय त्यो."
मी वाकळीचं दुसरं टोक ओढून नीट केलं.
अर्ज वाचून दाखवला. रान अजून आबांच्याच नावावर. त्यांनी सही केली, मी कागद धरून ठेवला. संजू लांब उभा. "रान गेलं तर?" आबा म्हणाले, "रांजण भरल्याल्यांचं पोट हितंच भरलं, आपलं बी. रान आन् रांजण, दोन्ही ऱ्हातंय का बघू." दुपारी संजूनं चर दुसऱ्या अंगानं आखायला घेतली.

१७ मार्च
अर्ज दिला. "साहेब आल्यावर बघू," कारकून एवढंच म्हणाला.
आबांचा फोन. "कवा येत्यात?"
"माहीत नाही, आबा."
"येऊ देत सावकाश. मी हाय की हितं." मग, "तू रविवारी येतीस न्हवं?"