निळे दिवे आणि इडेलाकाकूंची कढई

कॉर्निश हॉलो,
१७ ऑक्टोबर

तीर्थरूप विनीताई,

धाकट्या ऑर्विलचा नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? ॲरिझोनात म्हणे अजून उकडतंय. इथे सकाळी गाडीच्या काचेवरचं हिम खरवडावं लागतं. माझी तब्येत उत्तम आहे. हे आधीच लिहितो, कारण मी गेलो अशी बातमी शनिवारी गावभर झाली होती. तुझ्यापर्यंत पोचली असेल तर मनातून काढून टाक.

त्याचं असं झालं. गावच्या अग्निशमन पथकात मी बावीस वर्षं बिनपगारी धावतोय, तेही माझ्या साध्या पिकअप ट्रकने. यंदा पथकाचे चीफ थर्स्टन यांनी त्यावर निळे दिवे लावायची लेखी परवानगी दिली. (निळा दिवा हा हुकूम नव्हे, विनंती आहे. समोरच्याला वाटलं तर तो बाजूला होतो, नाही वाटलं तर आपण त्याच्या मागे लुकलुकत राहायचं. लाल दिवे आणि भोंगा बंबाचे.) दिवे पार्सलने आले: एक लांब पट्टी काचेच्या आत लावायची, दोन छोटे पुढच्या जाळीत. गॅरेजवाला दुपारभरात बसवून देतो म्हणाला. मीच नको म्हटलं. तू तीस वर्षं विमानांच्या वायरी बांधल्यास आणि मला घरातला फ्यूज का उडतो ते कळत नाही, हे बरेच दिवस मनात होतं. बटण दाबल्यापासून दिवा लागेपर्यंत मध्ये काय काय होतं, ते मला एकदा स्वतःच्या हाताने बघायचं होतं.

शनिवारी सकाळी बॅटरीची काळी वायर सोडली (ही तुझी शिकवण, लक्षात आहे). मग बॅटरीकडून आलेली लाल वायर इंजिनाच्या बाजूने आत सारायची होती. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात रबराचं बूच असलेलं एक भोक आहे. ते कंपनीने का ठेवलं असेल यावरच माझी अर्धी सकाळ गेली. कपड्यांच्या हँगरची तार वाकवून वायर तिला बांधली, ढकलली, आणि आत येऊन पेडलांपाशी उताणा पडलो. डोकं खाली, पाय दाराबाहेर, टॉर्च दातात, उजवा हात डॅशबोर्डच्या पोटात कोपरापर्यंत. तीनदा वायर बोटांना लागली आणि निसटली. चौथ्यांदा सापडली, आणि हात आत अडकला.

इतक्यात शेजारच्या इडेलाकाकू अंगणात आल्या. (एक्याऐंशी वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात, कान शाबूत आहेत.) त्यांना माझे पाय दिसले. "ऑर्विल, आहेस का रे?" असं विचारलं. दातात टॉर्च असताना माणूस जे उत्तर देतो ते मी दिलं. ते त्यांना शेवटच्या घरघरीसारखं वाटलं. त्या आल्या तशा परत गेल्या, फोन केला, आणि पुन्हा धावत येऊन माझा घोटा घट्ट धरून बसल्या.

दोन मिनिटांनी माझ्या कमरेचा पथकाचा पेजर वाजला आणि बोलू लागला. सगळ्या सभासदांनी ताबडतोब निघावं, गृहस्थ बेशुद्ध, अर्धा गाडीबाहेर. आणि पत्ता माझाच. ताई, आपला पत्ता आपल्याच कमरेतून ऐकू येणं फार विचित्र असतं. माझा पहिला विचार काय होता सांगू? की निघायला हवं.

सगळे आले. बंब आला, रुग्णवाहिका आली, अंगणात सभासदांचे सहा ट्रक निळे दिवे लावून उभे राहिले. (सगळ्यांचे छान चालत होते.) चीफ थर्स्टन खाली वाकले, माझ्या तोंडातला टॉर्च काढला आणि शांतपणे म्हणाले, "ऑर्विल, तुला बोलावणं गेलं होतं. तू येणार आहेस का?"

लोक हसले, आणि त्याच वेळी इडेलाकाकूंनी माझा घोटा सोडला. हवेत जळकट वास होता. "माझी कढई," त्या म्हणाल्या.

डोनट तळायला त्यांनी चरबी तापत ठेवली होती आणि माझे पाय पाहून चूल तशीच टाकून आल्या होत्या. खिडकीचा पडदा पेटला होता, वरचं कपाटही. सगळं पथक आगीत शिरायचे कपडे चढवून, पाण्यासकट, पन्नास पावलांवर उभं होतं. त्या घाईत माझाही हात कसा कोण जाणे सुटला आणि मी नळीवर पोचलो. सात मिनिटांत आग विझली. स्वयंपाकघराची एक भिंत काळी झाली. बाकी घर, मांजर आणि काकू सुखरूप. पथकात आता वाद पेटलाय की माझ्यामुळे घर वाचलं की माझ्यामुळे जळलं. मला दोन्ही बाजू पटतात.

दिवे मी रविवारी पुरे केले. लागतात. हवापाणी, गुडघा आणि भाऊजींची तब्येत सविस्तर कळव. तुझ्या हातच्या अक्षराची वाट बघतोय.

तुझा,
ऑर्विल

ता. क. दिवे लागतात म्हटलं ते खरं, पण बटण बंद असतानाही ब्रेक दाबला की निळे दिवे मंद उजळतात. ब्रेकचा त्यांच्याशी काय संबंध? चीफनी हे कळेपर्यंत ट्रक रस्त्यावर आणायला मनाई केलीय. मी अंगणातच बसून दाबून बघतो. अजून कळलं नाही.

ता. क. दुसरा. हात अडकला नव्हता. मूठ उघडली असती तर केव्हाच निघाला असता. पण मुठीत वायर होती, आणि चौथ्यांदा सापडलेली वायर सोडवेना. टॉर्चही थुंकता आला असता. हे कुणालाच सांगणार नव्हतो. पण काल काकूंची मुलगी कोरिन बफेलोहून आली. आईला आता चुलीचं भान राहत नाही, तिला वृद्धाश्रमात ठेवते म्हणाली. काकू खुर्चीत गप्प बसल्या होत्या. त्या एरवी गप्प बसत नाहीत. तेव्हा मी कोरिनला सगळं सांगितलं, मुठीसकट. मग म्हणाली, ठीक आहे, आई इथेच राहील, पण आपोआप बंद होणारी विजेची चूल बसवायची.

ता. क. शेवटचा. त्या चुलीची जोडणी कोण करणार असं कोरिनने विचारलं. मी करतो म्हणालो. ती कशी करतात याचं मला फार दिवसांचं कुतूहल आहे. चूल पुढच्या गुरुवारी येतेय. ताई, आदल्या बुधवारच्या विमानाने ये.