अण्णांचं पाठांतर

दादा,

म्हशीला पाणी दाखवलंय, वैरण तेवढी टाक. भाकरी टोपल्यात हायत. अण्णांना घेऊन मी धाराशिवला डॉक्टरकडं चालले. फोन करू नको, मी उचलणार न्हाय.

ग्रामपंचायतीत म्हाताऱ्या माणसांचा व्यायामाचा वर्ग सुरू झाला, तेव्हा सिस्टर सगळ्यांची आठवण तपासणार होत्या. तीन शब्द सांगायचे अन् थोड्या वेळानं परत विचारायचे. ज्याला आठवणार न्हाय, त्याला डॉक्टरकडं पाठवायचं. पण तुला तुझ्या सोयरिकीची काळजी. "बाप खुळा झालाय म्हणल्यावर भूमची माणसं पोरगी देतील व्हय?" म्हणून शेजारच्या गावात ही तपासणी आधीच झालेली, तिथनं ते शब्द हुडकून आणलेस अन् शाळेतल्या पोरावानी अण्णांकडनं घोकून घेतलेस. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा ठणठणीत हायत." तू गावभर मिरवलंस.

काल ते येरमाळ्याच्या स्टँडवर बसून होते. घर कुठंय, सांगता येईना. ओळखीच्या कंडक्टरनं आणून सोडलं. तू म्हणालास, "वय झालंय, चालायचंच."

आज सकाळी चहा दिला, तर माझ्याकडं बघून हात जोडले. म्हणाले, "बाई, तुमी कुणाच्या?"

मी म्हणलं, अण्णा, मी निकिता, तुमची लेक.

ओळख पटली न्हाय. मग त्यांना वाटलं, सिस्टरच आल्यात. ताठ बसले अन् कुणी न विचारता एका दमात म्हणाले, "घागर, विळा, लिंबू."

निकिता