ओटीपोटातलं दुखणं

इस्लामपूर,
संक्रांतीनंतर, १९४४

प्रिय मनू,

लोणंदला थंडी फार असेल. आबांचा खोकला कसा आहे? त्यांना रात्री कानटोपी घालायला लाव.

माझ्या दुखण्याचं तुला कधी नीट सांगितलं नाही. पहिलं बाळ गेलं, पाठोपाठ मला ताप चढला, आणि तेव्हापासून ओटीपोटात जी कळ धरली ती आजवर सुटली नाही. कधी खोल ठणका, कधी सुरी फिरवल्यासारखं. उसात वाकले की कळ मांड्यांपर्यंत उतरते. सासूबाई म्हणायच्या, "आमी न्हाई का बाळंत झालो? हिचंच लय कौतिक!" अंगारे झाले, म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस झाला, पोटावर डागही दिले. डाग भरले, आतली कळ तशीच. शेजारची धोंडुबाई गाठीच्या दुखण्यानं पोट धरूनच गेली होती. आपल्याही आत गाठ वाढतेय, या धास्तीनं मी आंघोळीला बसले की पोट चाचपायची.

दिवाळीत हे फौजेतून रजेवर आले. आनंद व्हायचा, तर मला रात्रीची धास्ती पडली. तुझ्या लग्नाआधी तुला हे सांगू नये, पण सांगते. त्यांचं जवळ येणंही मला सोसत नव्हतं. दात आवळून गप्प राहायची. एकदा रडू आवरलं नाही. वाटलं, आता माहेरी धाडतील. ते उठून बसले आणि म्हणाले, "एवढं दुखतंय आन् बोलली का न्हाईस? पलटणीत गडी जखमेनं वरडला तर त्येला कुणी नाटकी म्हणत न्हाई."

मग त्यांनी मला मोटारीनं मिरजेला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासताना मी अंग चोरून घेतलं. बाई थांबल्या. म्हणाल्या, "तुम्ही हो म्हणाल तेव्हाच हात लावीन." गाठ नव्हती गं. त्या तापात आत सूज येऊन आतले भाग एकमेकांना चिकटलेत, असं त्यांनी सांगितलं. शिवाय दुखेल या भीतीनं मी अंग आवळून धरते, त्यानं कळ आणखी वाढते. दुखणं खरं आहे, म्हणाल्या. पुरतं जाईल असं वचन देत नाही, पण आवरता येईल. आता मी शेक घेते, कोमट पाण्यात बसते, पोटभर श्वास घेऊन अंग सैल सोडते, भरली घागर उचलत नाही. कळ चढायच्या आधीच टेकते. बरे दिवस येतात. वाईट दिवस आला की मात्र तीच भीती पुन्हा छातीवर बसते.

बाई आणखी एक बोलल्या होत्या. मूल होणं कठीण आहे. यांनी ते ऐकून माझा हात धरला, आणि रजा संपताच पलटणीत गेले. सासूबाईंच्या कानावर ते परवा गेलं. काल त्यांनी ठेवणीतलं लुगडं बाहेर काढलं. बाजार झाला की आपल्या भावाला, भाऊसोमामांना, घेऊन त्या लोणंदला येणार आहेत, यांच्यासाठी तुला मागायला. "भनीभनी गोडीनं नांदतील," असं म्हणतात. यांना यातलं काही ठाऊक नाही. पत्र धाडलंय, पण पलटण कुठं आहे, ते कधी पोचेल कोण जाणे. मनू, मला सवतीची भीती आहेच. त्याहून भीती तुझी वाटते, कारण अक्काचा संसार टिकावा म्हणून तू हो म्हणशील. म्हणू नकोस. आबा रागावले तरी म्हणू नकोस. त्या दारात यायच्या आत हे तुझ्या हाती पडावं, एवढ्यासाठी घाईनं लिहिलंय.

तुझीच,
राहीअक्का