शंभराचे नव्व्याण्णव

३ जून
आला! कॉम्प्युटरचा नवा एसएसडी आला. बोटाएवढी पट्टी, आणि जुन्या हार्ड डिस्कसारखी घरघर नाही. बटण दाबलं की मशीन हजर. त्याची तब्येत दाखवणारा प्रोग्रामही टाकला. शंभर टक्के! काय देखणा आकडा आहे.

४ जून
नको ते वाचलं. या ड्राइव्हवर जितकं लिहावं तितका तो झिजतो म्हणे. आणि एक गेम टाकायचा म्हणजे केवढं लिखाण! दिवसभर लिफ्टचे दोर किती झिजले हे तपासून पोट भरतो मी. घरी आल्यावरही तेच नशिबी?
घरात हुकूम काढला — गेम जुन्या डिस्कवरच.

७ जून
लेकीने नवा गेम आणला. दोघांनी मिळून खेळायचा. डुगडुगते पूल — एकाने तोल सांभाळायचा, दुसऱ्याने ओलांडायचं. "बाबा, मी हॉस्टेलला जायच्या आत पूर्ण करायचा. फक्त आपण दोघांनी." महिनाअखेरीला जातेय ती. हो म्हणालो. "एसएसडीवर टाक हं." नाही म्हणालो.
बायको इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "दोर झिजतात म्हणून लोकांना जिन्याने पाठवतोस का रे?" रागारागाने गेम जुन्या डिस्कवरच टाकला.

९ जून
जुन्या डिस्कवर खेळलो. म्हणजे खेळ सुरू व्हायची वाट बघितली. तेवढ्यात लेकीने नखं कापली, वेणी घातली, मैत्रिणीशी फोनवर भांडून समेटही केला. पूल दिसला आणि जेवायची हाक आली.

१२ जून
नव्व्याण्णव!!

१३ जून
कोणीतरी चोरून लिहितंय. बायको म्हणाली, "मी त्या डब्याला हातसुद्धा लावत नाही. तूच बस कुरवाळत." लेकीला विचारलं, जरा चढ्या आवाजात. "एका आकड्यासाठी माझ्यावर संशय?" — आणि दार आपटलं.

१५ जून
लेकीने आज खेळायला बोलावलं नाही. मीही ताठ्यात गेलो नाही. करमत नाही.

१९ जून
अठ्ठ्याण्णव. आणि लेक अजून कामापुरतंच बोलतेय.

२० जून
चोर सापडला. मी!
ड्राइव्ह अचानक दगावला तर हाताशी असावी म्हणून पहिल्याच दिवशी मी त्याची रोज अख्खी प्रत निघेल अशी सोय करून ठेवली होती. प्रत ठेवायची कुठे? सगळ्यात भरवशाच्या जागी. म्हणजे त्याच ड्राइव्हवर! रोज दुपारी मी कामावर असताना बिचारा स्वतःची नक्कल स्वतःवरच उतरवत बसायचा. आणि तो गेलाच असता तर प्रतही त्याच्याबरोबर गेली असती. धन्य!
लेकीच्या दाराशी जाऊन सांगितलं. ती इतकी हसली की उचकी लागली. "आई गं, ऐक ना!" झालं, आता हे सगळ्या नातेवाइकांत पोचणार. तुझ्यावर उगाच संशय घेतला, चुकलं माझं, म्हणालो. तेव्हा हसायची थांबली. "मग टाक गेम," एवढंच म्हणाली.

२१ जून
टाकला. एसएसडीवर! क्षणात पूल आणि क्षणात मी पाण्यात. "बाबा, चाल ना! तपासणी काय करतोयस पुलाची?" पुढच्या वेळी बघितलं नाही, नुसता पळालो. दोघंही पाण्यात. इतकं हसलो की बायको इस्त्री सोडून बघायला आली.

२८ जून
गेम अर्धाही झाला नाही. उद्या जातेय ती. ते रुसव्यातले दिवस परत मिळणार असतील तर अख्खा ड्राइव्ह शून्यावर आणायला तयार आहे मी.

२९ जून
सकाळी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो. एसएसडी काढला आणि तिच्या लॅपटॉपमधल्या रिकाम्या खाचेत बसवला. बायको बघतच राहिली. "आणि तुला?" लेकीने विचारलं. जुनी डिस्क आहे की! "टक्के बघत बसू नकोस," म्हणालो. "हवं तेवढं लिही त्याच्यावर."
रिक्षा वळेपर्यंत फाटकाशी उभा होतो. मग उगाच जाऊन मशीन पुसलं.

२ जुलै
हॉस्टेलवरून फोन. राहिलेला गेम आता इंटरनेटवरून खेळतोय. "बाबा, मी केव्हाची पुलावर उभी आहे. कुठे आहेस तू?"
डिस्क घरघरतेय. लोड होतंय गं, जाऊ नकोस.
"नाही जात. ये सावकाश."